मुळाला ऊन दाखवू नकोस

परवा तू बदलापूरच्या जागेवरून उपटून आणलेली सफरचंदाची ती तीन झाडं मी ओट्यावर बसून नीट पाहिली. नखाने साल खरवडली, शेंड्याला, मधे आणि मुळाजवळ. तिन्ही ठिकाणी तपकिरी, कोरडी. मुळं जानेवारीत खोक्यातून निघाली तेवढीच होती, एक पांढरा तंतू नवा फुटलेला नव्हता. म्हणजे झाडाला पानं फुटली, मुळं फुटलीच नाहीत. पाणी कमी पडलं म्हणून ती मेली नाहीत, बाळा, तो सल मनातून काढून टाक. तुला कुणी वाळकी काटकी विकली असंही नाही. आली तेव्हा ती जिवंत होती, झोपेत होती. एका मुलखात झोपली आणि भलत्याच मुलखात जागी झाली, एवढंच चुकलं.

आता वैशाख चालू आहे, मिरगाला महिना उरलाय, आणि तू पुन्हा झाडं घ्यायला निघाली आहेस. निघण्याआधी माझं ऐकून घे. लग्नाआधी मी माहेरी, मुरबाडकडे, वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर जायचे. सहा पावसाळे गेले तिथे. सागाची जडी करायचं काम आम्हा बायकांकडे असायचं. अंगावर माती नाही, पान नाही, नुसतं मूळ, असं रोप कसं हाताळायचं ते मी तिथे शिकले. लग्न होऊन अंबरनाथच्या बुवापाड्यात आले तेव्हा अंगण म्हणून दोन हात जागा मिळाली, पण हाताची सवय गेली नाही.

पहिली गोष्ट झोपेची. ती कळली की बाकीचं आपोआप कळतं.

हिमाचलात सफरचंद थंडीने झोपतं. पानं गळतात, अन्न फांदीत-मुळात साठून राहतं, आणि पौष-माघात झाड इतकं गाढ असतं की जमिनीतून उपटलं, माती झटकली, ओल्या शेवाळात आणि गोणपाटात गुंडाळलं तरी त्याला कळत नाही. म्हणून तिकडची रोपवाटिका डिसेंबर ते फेब्रुवारीत उघड्या मुळांची झाडं देशभर पाठवते. तू मागवलंस ते हरिमन शर्मांचं वाण, एचआरएमएन-99. बिलासपूर जिल्ह्यातल्या या शेतकऱ्याने कमी थंडीत फळणारं सफरचंद निवडून वाढवलं, त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. माणूस खरा आहे, वाणही खरं आहे, आणि आपल्याकडे देशावर काही शेतकऱ्यांनी त्याची फळं काढली आहेत. पण बदलापुरात जानेवारीच्या दुपारी काय ऊन असतं ते तुला माहीत आहे. झाडाला वाटलं वसंत आला. फांदीत साठलेल्या रसावर त्याने पानं काढली. पान आलं की ते पाणी मागतं, आणि पाणी पितं ते जुनं जाड मूळ नव्हे, त्याच्या टोकाला फुटणारी केसासारखी नवी मुळं. ती फुटायला दोन-तीन आठवडे गारवा लागतो. तुझ्या झाडाला तेवढी सवड मिळाली नाही. होळीपर्यंत पानं टिकली, मग तिकडचा पारा चाळिशीच्या वर गेला आणि संपलं.

उघड्या मुळाचं झाड म्हणजे पान आणि मूळ यांची शर्यत असते. मूळ पुढे गेलं तर झाड जगतं. आपलं काम मुळाला पुढे काढायचं.

आपल्या मुलखातली झाडंही झोपतात, थंडीने नव्हे, तहानेने. इथे आपल्या चाळीमागे काटेसावर आहे ना, डिसेंबरपासून बोडकी, मग माघ-फाल्गुनात नुसती लाल फुलं. पांगारा तसाच. मोई तशीच. देवळातला चाफा संक्रांतीपासून हरणाच्या शिंगांसारखा उभा असतो. साग थंडी संपता संपता पानं टाकायला लागतो आणि वैशाखात डोंगर नुसता राखाडी दिसतो. हीच आपली झोप. बर्फाच्या मुलखात जे काम माघात करतात ते आपण वैशाख-जेठात करायचं, पहिल्या पावसाच्या तोंडावर. झाड झोपेत असताना घ्यायचं, झोपेतच लावायचं, आणि पावसाने त्याला जागं करायचं. तुझ्या त्या मोबाइलवर परदेशी बागवाले जानेवारी-फेब्रुवारी सांगतात, ते त्यांच्या मुलखाचं आहे.

म्हणून या वर्षी तू साग घे. वरच्या बांधाला पन्नास जडी पुरतील.

जडी म्हणजे काय, ते सांगते. गादीवाफ्यात सागाचं बी टाकतात, रोप वर्षाचं होतं. उन्हाळ्यात ते पान टाकून गप्प झालं की आम्ही वाफा खोदायचो. मूळ ओढायचं नाही, खालून कुदळीने उचलायचं. मग कोयत्याने वरचं खोड छाटायचं, इंचभरच ठेवायचं, त्यावर डोळ्यांची एखादी जोडी राहिली पाहिजे. खाली सोटमूळ वीतभर ठेवून तिरपा एकच घाव. बाजूची बारीक मुळं सगळी तासून टाकायची. राहतं ते गाजरासारखं एक दांडकं. नवी बाई आली की तिला वाटायचं आपण रोप मारून टाकलं. मला पण वाटलं होतं. पण त्या दांडक्यात वर्षभराचं जेवण साठलेलं असतं, आणि वर पानाचा भार मुळीच नसतो. शर्यतीतून पानालाच काढून टाकलं, मग मूळ हरेल कसं? पावसात तासलेल्या जागी पांढरे तंतू फुटतात, आणि वर डोळाही हलतो. सफरचंदाला जे जमलं नाही ते जडीला जमतं ते असं.

घ्यायला जाशील तेव्हा सकाळी लवकर जा. जुडी बहुतेक पन्नासाची किंवा शंभराची बांधलेली असते. जुडी तशीच उचलू नकोस, सोडायला सांग. बाहेरच्या जड्या ओल्या आणि मधल्या सुकलेल्या, किंवा मधल्या सडलेल्या, असं असतं. आपल्या अंगठ्याएवढी जाड जडी घे. करंगळीएवढी बारीक घेऊ नकोस, तिच्यात साठा कमी असतो. मनगटाएवढी जून आणि लाकडी झालेली पण नको, तिला तंतू फुटायला वेळ लागतो. सोटमूळ सरळ पाहिजे. खाली दोन पाय फुटलेले किंवा वळून गुंडाळलेलं मूळ असेल तर बाजूला ठेव, वळलेलं मूळ जमिनीत जाऊन सरळ होत नाही, पुढे दहा वर्षांनी वाऱ्यात झाड आडवं होतं. मग नख. सालीवर हलकं ओरखडायचं, खाली ओलसर, पांढरट-हिरवट दिसलं तर जिवंत. तपकिरी दिसलं तर मेलं. ही परीक्षा सगळ्या झोपलेल्या झाडांना चालते, गुलाबाला, अंजिराला, डाळिंबाला. नंतर नाकाशी धर. ओल्या मातीचा वास चांगला. आंबूस वास आला तर ती जुडी बंद गोणीत पाण्यात बसली आहे, तिचं मूळ आतून गेलं. आणि हातात तोलून बघ. ताजी जडी दिसते त्यापेक्षा जड लागते. विकणाऱ्याला राग येत नाही. ज्याला राग येतो त्याच्याकडून घेऊ नकोस.

वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधीच सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही. कलमी फळझाडं हवी असतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची. त्यांचं एक संशोधन केंद्र कर्जतला आहे, तुझ्या बदलापूरहून गाडीने जेमतेम तासाचा रस्ता. तिथे भाताचं काम मोठं आहे, तरी विचारून बघायला हरकत नाही, निदान सल्ला तरी योग्य मिळेल.

आता आणण्याचं सांगते, कारण घात इथेच होतो. माझा झाला आहे.

तुझे बाबा तेव्हा पाळण्यात होते. तुझ्या आजोबांनी गावच्या बांधासाठी दोनशे जडींची जुडी आणली. रात्रपाळीहून आले, जुडी दारात ठेवली, झोपले. मी पाण्याच्या रांगेत गेले होते. परत आले तोवर ऊन दारात आलं होतं. फार वेळ नव्हे, तासभर असेल. वरून काही दिसत नव्हतं, जडी होती तशीच तांबूस. मी पाणी मारलं, ओलं गोणपाट घातलं, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी गावी जाऊन लावल्या. दोनशेतल्या वीस-बावीस फुटल्या. ज्या जुडीच्या आत होत्या, त्याच. पाणी मारल्याने सुकलेलं मूळ ओलं दिसतं, जिवंत होत नाही. त्या दिवसापासून मी कुणाच्याही हातात रोप दिलं की एकच वाक्य आधी सांगते, मुळाला ऊन दाखवू नकोस. वारा पण दाखवू नकोस. लोकलच्या दारात हौसेने जुडी धरून उभी राहू नकोस, उल्हासनगर ते बदलापूर एवढा वारा पुरे होतो. गोणपाट भिजवायचं, घट्ट पिळायचं, जुडी गुंडाळायची, वर प्लास्टिक, पण तोंड मोकळं. मालडब्यात खाली ठेवायची.

त्याच दिवशी लावणं झालं नाही तर झाडाखाली सावलीत हातभर खोल चर खण. तळाला वाळू, त्यावर जडी आडवी, वर वाळू, पुन्हा जडी. वाळू ओलसर असावी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. अशी जडी दोन-तीन आठवडे सहज राहते. पाऊस लांबला तरी घाई करायची नाही. आमच्या रोपवाटिकेत एका वर्षी मिरग कोरडा गेला, आर्द्रा लागल्यावर पाऊस आला, तोवर सगळी जडी चरात गप्प होती आणि चांगली फुटली. बादलीत पाण्यात उभी करून मात्र ठेवू नकोस. एक रात्र चालतं. दोन-तीन दिवस ठेवलं की मूळ गुदमरतं, मुळालाही श्वास लागतो.

ज्या झाडाची बारीक मुळं शाबूत आहेत, म्हणजे गुलाब किंवा अंजीर, त्याला लावायच्या आधी शेणकाल्यात बुडव. ताजं शेण, वारुळाची किंवा चिकण माती आणि पाणी, ताकापेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ. मुळावर त्याचा लेप बसतो आणि वारा लागत नाही. तुटलेलं, चिरडलेलं मूळ सिकेटरने आधी स्वच्छ कापून टाक. चिरडलेल्या जागेतून कूज शिरते, सरळ कापलेल्या जागेतून तंतू फुटतात.

उघड्या मुळाचा हा नियम आपल्याच मुलखापुरता नाही. तुझ्या आजोबांची नोकरी विमकोत, आगपेटीच्या कारखान्यात. ती कंपनी 1923 ची, स्वीडनवाल्यांनी काढलेली. कारखाना गेला तरी विमको नाका आहेच अजून. आगपेटीच्या काडीला हलकं, पांढरं, सरळ लाकूड लागतं, काटेसावरीसारखं. ते जंगलातून पुरेना, तेव्हा कंपनीने उत्तरेत शेतकऱ्यांकडून पॉप्लर लावून घ्यायला सुरुवात केली. रुद्रपूरला त्यांची मोठी रोपवाटिका होती. आजोबा त्याबद्दल ऐकून आले होते आणि मला सांगायचे, कारण मला त्यात रस होता. दहा-पंधरा फूट उंचीचं झाड, थंडीत बोडकं, नुसत्या मुळांनी उपटतात. एक-दोन दिवस वाहत्या पाण्यात मुळं बुडवून ठेवतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत तीन फूट खोल भोकात उभं करतात. पंजाब-हरियाणात गव्हाच्या बांधावर जी उंच झाडं दिसतात ती अशी लागली आहेत. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मी मुरबाडला वीतभर दांडकं लावायचे आणि तिकडे कुणी दोन माणसांच्या उंचीचं झाड लावत होतं, नियम मात्र एकच होता. झोपेत उपट, ओलं ठेव, जागं होण्याआधी मातीत घाल.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पण तशीच. तिचं मदर प्लांट कॅलिफोर्नियातून विमानाने येतं, थंड पेटीत, मातीशिवाय, नुसती मुळं आणि बोंड. मे-जूनमध्ये ते इथे वाफ्यावर लावतात, त्याला धावऱ्या फुटतात, आणि पावसाळा संपता संपता त्या धावऱ्यांची रोपं शेतात जातात. एवढा समुद्र ओलांडून येतं ते झोपेच्या बळावर.

आता तुझी जागा. तू म्हणतेस वरकस आहे, खाली भातखाचर आहे, आणि कोपऱ्यात नाला. सागाला पाण्यात पाय ठेवलेले चालत नाहीत. खाचरात जुलैभर पाणी उभं असतं, तिथे साग लावलास तर श्रावणात पान पिवळं पडेल आणि मूळ काळं होईल. बांधावर आणि वरकसावर लाव. नाल्यापासून किती दूर ते मी सांगू शकत नाही, पण तिथल्या शेजाऱ्याला विचार, 27 जुलै 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, सगळ्यांना आठवतं. जिथे त्या दिवसाचं पाणी दोन दिवस थांबलं होतं तिथे साग नको, बांबू किंवा करंज लाव.

पहार घेऊन जा, माझी जुनी आहे. जडीला खड्डा खणायचा नसतो. पाऊस पडून जमीन वीतभर खोल भिजली, की पहारीने जडीच्या लांबीएवढं भोक पाड. जास्त खोल नको, तळाला पोकळी राहिली तर पाणी साचतं. जडी सोड, ज्या जागी खोड आणि मूळ मिळतात ती जागा जमिनीच्या पातळीवर आली पाहिजे. मग त्या भोकापासून चार बोटांवर पहार पुन्हा तिरपी घाल आणि माती जडीकडे रेट. आधी तळाशी, मग वर. शेवटी टाच मार, जोर लावून मार. नवी माणसं इथे नाजूकपणा करतात, त्यांना वाटतं रोपाला लागेल. पण माती आणि मूळ यांच्यामधे हवा राहिली तर मूळ त्या हवेत सुकतं, भर पावसात सुकतं. लावून झाल्यावर दोन बोटांनी जडी वर ओढून बघ. हलली तर टाच पुन्हा मार. दोन जडींमधे दोन मीटर अंतर ठेव. एकरी हजारभर बसतात ते याच हिशेबाने, तुझ्या बांधाला एकेरी रांग पुष्कळ.

वनमहोत्सवाची वाट पाहू नकोस. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळीकडे रोपं वाटतात, ती पिशवीतली असतात, त्यांना चालतं. जडी जूनमधेच लागली पाहिजे. पंधरा दिवस उशीर झाला तर तेवढी वाढ कमी होते आणि पुढचा उन्हाळा तिला जड जातो. साग लावल्याची सातबाऱ्यावर नोंद मात्र करून घे. हे लाकूड स्वतःच्या जागेतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते, नोंद नसली की तुझ्या मुलांना त्रास होईल.

आंबा, चिकू, फणस, लिंबू यांच्याशी हा खेळ करायचा नाही. ही झाडं बारमाही हिरवी, त्यांना अशी झोपच नसते, बाराही महिने त्यांचं पान पाणी मागत असतं. त्यांची मुळं उघडी केलीस की गेलं झाड. कलम घेशील ते हुंडीसकट, म्हणजे मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट घे, आणि पिशवी फाडताना हुंडी फुटू देऊ नकोस. आंब्याचा खड्डा आताच खणून ठेव, मीटरभर लांब-रुंद-खोल, ऊन लागू दे त्याला. तुझ्याकडच्या मुरमात वाळवी आहे, म्हणून भरताना कुजलेलं शेणखतच घाल, ताजं नको, आणि थोडी निंबोळी पेंड.

चाफ्याचं आणि शेवग्याचं वेगळं. त्यांना मूळही लागत नाही. शेवग्याची मनगटाएवढी जाड, कमरेएवढी लांब फांदी पावसाआधी तोडायची, सावलीत तीन-चार दिवस पडू द्यायची, मग हातभर खोल पुरायची. चाफ्याची फांदी आठवडाभर तशीच ठेव, चीक वाळून तोंडावर पापुद्रा आला पाहिजे. ताजी लावलीस तर सडते. लावल्यावर पान येईपर्यंत पाणी घालू नकोस. घालावंसं वाटेल, तरी नको.

आणि आता माझं आवडतं, कंदांचं. तुला वाटतं झाडं म्हणजेच बाग. पण जागेवर पहिल्याच वर्षी जे ताटात आणि डोळ्यांत येतं ते कंदातून येतं. कंद म्हणजे झोपलेलं झाडच, तेही वर्षानुवर्षं त्याच जागी उठणारं.

हळदीचे जेठे गड्डे घे, मधला मोठा गड्डा, बाजूची बारीक बोटं नको. सुरणाचा अर्धा-पाऊण किलोचा तुकडा, प्रत्येक तुकड्यावर मधल्या डोळ्याचा हिस्सा आला पाहिजे. डोळा नसलेला तुकडा जमिनीत नुसता कुजतो. कापून शेणकाल्यात बुडव आणि सावलीत वाळव. निशिगंधाचा कंद सुपारीपेक्षा बारीक असेल तर या वर्षी दांडा येणार नाही, नुसतं गवत येईल, थोडा मोठाच निवड.

कंटोळी लावायची तर मात्र नीट ऐक. पावसाळ्यात अंबरनाथ स्टेशनबाहेर आदिवासी बायका वाटे लावून बसतात ती कंटोळी. दरवर्षी भाव ऐकून तू नाक मुरडतेस, पण एकदा जागेवर लागली की कंद दहा-दहा वर्षं उठतो. थंडी लागली की वेल वाळून जाते, खाली कंद रताळ्यासारखा झोपलेला राहतो, आणि जेठातल्या वळवाने वर येतो. अडचण अशी, की हिच्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. कंद बघून कुणालाच ओळखता येत नाही, मलाही नाही. ओळखायचं फुलावर. मादी फुलाच्या मागे देठाशी इवलंसं काटेरी फळ आधीपासून असतं, नराच्या मागे काही नसतं. म्हणून कंद अशा माणसाकडून घे ज्याने गेल्या पावसाळ्यात वेलींना चिंधी बांधून ठेवली होती. नुसत्या माद्या आणल्यास तर फुलं येतील आणि गळतील. नुसते नर आणलेस तर मांडवभर पिवळी फुलं आणि ताटात काही नाही. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो, पण तो मांडवाच्या मधे असू दे. संध्याकाळी फूल उमलतं, त्या वेळी नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच टेकवलंस तर फळ जास्त धरतं. माझी आई कंदिलाच्या उजेडात हे करायची, भाकऱ्या झाल्यावर. कंद चार बोटं खोल लाव, उंचवट्यावर, पाणी वाहून जाईल असं. आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे कुणाला कुदळ मारू देऊ नकोस. वर काही दिसत नाही म्हणून माणसं रिकामी जागा समजतात. दगड मांडून ठेव.

भुईचाफ्याचं तेच. तो तुला मी देणार आहे, माझ्या कुंडीतला. आईने मला दिला होता, मी बुवापाड्यात आणला तेव्हा मुठीत मावेल एवढा होता. थंडीत पानं नाहीशी होतात आणि चैत्रात कोरड्या मातीतून, पानाच्या आधी, एकदम जांभळं-पांढरं फूल वर येतं, सकाळी सुवास येतो. त्याच्या कंदाला खाली दोऱ्याने लटकल्यासारखे गोल गोळे असतात. ते तोडून टाकू नकोस, तोच त्याचा साठा. तुझ्या आंब्याच्या जागेजवळ, जिथे पुढे सावली येईल तिथे लाव.

लावून झालं की जडीच्या भोवती पाचोळा पसर, पण खोडाला टेकवू नकोस. जूनमधे पावसाने मधेच ओढ दिली आणि आठ दिवस कोरडे गेले, तर संध्याकाळी जाऊन प्रत्येक जडीला तांब्याभर पाणी घाल. वालधुनी नदीचं किंवा तुमच्या नाल्याचं नको, त्यात कारखान्यांचं काय काय मिसळतं. विहिरीचं घाल. तिसऱ्या आठवड्यात जे कोंब दिसतील त्याने हुरळून जाऊ नकोस. पहिलं पान साठ्यावर येतं, तुझ्या सफरचंदालाही आलं होतं. एखादी जडी हलक्या हाताने बाजूने उकरून बघ, पांढरे तंतू दिसले तर समज लागली. तंतू नसतील तर माती पुन्हा दाब आणि वाट बघ.

एका जडीला तीन-चार कोंब येतात. वीतभर झाले की त्यातला सरळ आणि जाड एक ठेवायचा, बाकीचे अंगठ्याने बुडापासून मोडून टाकायचे. कोयता लावू नकोस, कोवळे असतात, सहज मोडतात. ते श्रावणाच्या आधी व्हायला हवं. त्या आठवड्यात मला घेऊन जा, कुठला ठेवायचा ते पहिल्या दहा जडींना मी दाखवीन, पुढच्या तू कर. येताना पहार आणि गोणपाटं परत आण.